मदत हवी आहे: कॉलमचे कपलर पूर्ण बसत नाहीत, उद्या काँक्रीट आहे

रानवारा_७८:
कॉलमच्या सळया एकमेकींना जोडायला कपलर (आतून आटे असलेल्या नळ्या) लावलेत. बऱ्याच ठिकाणी वरच्या सळईचे चार-पाच आटे बाहेर दिसतायत. फिटर म्हणतो एवढं चालतं. कन्सल्टंट फोन उचलत नाहीत. उद्या सकाळचं काँक्रीट सांगून ठेवलंय. चालेल की नाही, एवढंच सांगा. लवकर प्लीज.

खडी_वाळू:
सळई किती एमएमची? आटे सरळ की निमुळते? टोकं कशाने कापली? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रानवारा_७८:
३२ एमएम, एफई ५५०डी ग्रेडची. आटे सरळ, साईटवरच पाडतो. कापायला नेहमीचं मशीन.

जुना_ओव्हरसियर:
मुळात कपलर हवेतच कशाला? आम्ही आयुष्यभर ५०डी लॅप (सळईच्या जाडीच्या ५० पट लांबीत दोन सळया शेजारी-शेजारी बांधून) दिला, एकही कॉलम बोलला नाही.

खडी_वाळू:
काका, ३२ ला ५०डी म्हणजे १.६ मीटर. मीटरला ६.३२ किलो धरा, एका जोडाला १० किलो लोखंड. वर इतकी गर्दी की व्हायब्रेटरची नळी उतरत नाही आणि खाली हनीकोंब (काँक्रीटमध्ये पोकळ्या). ३६ एमएमच्या वर तर आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) सहसा लॅप देऊ देत नाही.

जुना_ओव्हरसियर:
इथे ३२ आहे ना? लॅप डोळ्यांना दिसतो. कपलरच्या आत किती आटे धरलेत ते कोण बघतं?

सह्याद्री_फॅब:
बाहेरच्या आट्यांवर वेल्डिंगचा टाका मारा, विषय संपला.

खडी_वाळू:
कृपा करून असलं काही सुचवू नका! कपलर बहुधा मध्यम कार्बनच्या पोलादाचा असतो, टाक्याशेजारी ठिसूळ होतो. टीएमटी सळईचं बाहेरचं कडक कवचही तिथे मऊ पडतं.
@रानवारा, नेहमीचं मशीन म्हणजे दाबून तोडणारं ना? त्याने टोक चपटं होतं, किंचित वाकतंही. पात्याने काटकोनात कापायला हवं. आणि खालच्या सळयांच्या आट्यांवर प्लास्टिकच्या टोप्या होत्या का?

रानवारा_७८:
दाबूनच कापतो. टोप्या मागच्या काँक्रीटच्या वेळी निघाल्या होत्या. आता काढून बघायचं तर वरच्या सळया फिरत नाहीत, रिंगा बांधून झाल्यात.

खडी_वाळू:
अहो, हे सगळ्यात आधी सांगायचं! म्हणजे खालच्या आट्यांत स्लरी (सिमेंटचं पाणी) वाळली असणार. उद्याचं काँक्रीट रद्द करा. रिंगा सोडा, कपलर काढा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गो आणि नो-गो रिंग गेज (आट्यांचं माप तपासायच्या कड्या) फिरवून बघा. मग दोन्ही सळयांवर अर्ध्या कपलरइतक्या अंतरावर रंगाची खूण करा, म्हणजे कोणती सळई कमी गेलीय ते बाहेरूनच कळेल. काकांच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. चपटी टोकं कापून नवीन आटे पाडा. जी सळई फिरवताच येत नाही तिला पूर्ण कपलर मावेल इतके लांब आटे आणि लॉकनट लागतो.

घरबांधू_सातारा:
माझ्या दोन मजली घराला १२ एमएम सळया आहेत. कपलर लावू का?

जुना_ओव्हरसियर:
नको. १२ ला लॅपच द्या. पण सगळे जोड एकाच पातळीवर घेऊ नका.

रानवारा_७८:
एक कपलर काढला. आत खरंच सिमेंट आहे. पण आरएमसीवाल्यांना (तयार काँक्रीट पुरवणाऱ्यांना) आता काय सांगू? एकाच कॉलमचे बदलून बाकीचे भरले तर?

खडी_वाळू:
नाही. आयएस १६१७२ (कपलरचं भारतीय मानक) मध्ये चाचणीत जोड ०.१० मिमीपेक्षा जास्त सरकलेला चालत नाही, तुमच्याकडे तर आटेच धरलेले नाहीत. आरएमसीला आत्ता, रात्रीच फोन करा. आणि साईटवरच्या जोडांचे नमुने ताण चाचणीला पाठवा.