मदत हवी आहे : नव्या ठासणीच्या बंदुकीला मेणाचं वंगण लावण्याआधी नळी कशी तयार करावी?

पीक संरक्षण परवान्यावरची नवी केपाची बंदूक आहे, नळीत कारखान्याचं खनिज तेल. काळ्या दारूच्या काजळीने हे तेल डांबरासारखं चिकट होतं आणि पुढचा बार ठासताना गज (ठासायची सळई) अडकतो, म्हणून मधमाशीचं मेण आणि खोबरेल यांच्या मिश्रणावर जायचं आहे.

गज नळीत आणि नळीबाहेर धरून लांबी मोजली, नळी रिकामी असल्याची खात्री केली. नळी दस्त्यापासून सोडवली, निपल (जिच्यावर पेटवणारी टोपी, म्हणजे केप, बसते ती पोकळ खुंटी) काढली. स्पिरिटच्या चिंध्या फिरवल्या. पहिल्या चार तपकिरी, सातवी जवळपास पांढरी. त्यानंतर उकळतं पाणी ओतलं आणि कोरडी चिंधी फिरवेपर्यंत तिच्यावर नारिंगी गंज उतरला! तेलाचा थर गेलेलं गरम पोलाद हवेत लगेच गंजतं हे कळतं, पण मग कोमट पाणी वापरावं, की स्पिरिटवरच थांबावं?

दुसरं, प्रमाण. खोबरेल २४ अंशांच्या पुढे पातळ होतं, कोकणात ते बहुतेक वर्षभर पातळच. वजनाने एक भाग मेण, तीन भाग तेल घेतलं तर उन्हात ओघळून निपलच्या छिद्रात जाईल आणि बार फुसका जाईल अशी भीती वाटते. एकास दोन घ्यावं का? जवसाचं तेल नको, ते वाळून चिवट होतं.

पावसाळ्यात बंदूक चार महिने ठेवायची तर हे मिश्रण पुरेल का, की तेवढ्यापुरतं खनिज तेल लावून बार भरण्याआधी स्पिरिटने पुसावं? निपलच्या आट्यांना काय लावता तेही कृपया सांगा.