पॅलिएटिव्ह केअरला स्पेशालिस्ट पाहिजेत की गावातली माणसंच बास?

शाहूपुरीकर:
कट्ट्यावरचा वाद इथं टाकतोय. कॅन्सर, किडनी, लकवा असल्या पेशंटचं दुखणं, धाप, उलट्या सांभाळणारी ही ब्रँच जिल्ह्याजिल्ह्यात स्वतंत्र पाहिजे असं माझं मत. २०१० ला या विषयातल्या एमडीला मान्यता मिळाली, २०१२ ला मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला कोर्स चालू झाला, त्याच साली केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, तरी एवढ्यासाठी मुंबईची गाडी धरणारे अजून आहेतच की.

राधानगरीवाला:
नाही पटलं भावा. एमडी झालेला डॉक्टर धनगरवाड्यावर चढून येणाराय व्हय? केरळात १९९३ ला कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि मंडळींनी सुरू केलं, मग शेजारपाजारची माणसं शिकवून तयार केली, नर्स घरोघरी जायला लागल्या आणि २००८ ला सरकारनं धोरणच काढलं. आपल्याकडं आशाताई आहेत, गावचा डॉक्टर आहे, त्यांना शिकवा, कशाला पाहिजे नवीन डिपार्टमेंट.

जुना_पैलवान:
तुमचं दोघांचं चालू द्या. मला तर हे हात वर करायचं गोड नाव वाटतंय. काकांच्या वेळी एका हॉस्पिटलनं "आता घरी न्या" एवढंच सांगितलं, विषय संपला.

ड्युटीवरची_ताई:
दादा, नुसतं घरी पाठवणं म्हंजे पॅलिएटिव्ह नव्हं, ते सोडून देणं झालं. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर २०१० ला अमेरिकेत अभ्यास झाला, पहिल्यापासून नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत हे मिळालेले पेशंट सरासरी अडीच महिन्यांवर जास्त जगले.
आणि राधानगरीवाले, निम्मं पटलं. जखमेला घाण वास येत असला तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ड्रेसिंगमध्ये टाकायची, हे घरातली सूनबाईपण शिकते. पण मॉर्फिन, म्हंजे अफूपासून बनणारं जोरदार दुखणं मारायचं औषध? दर चार तासाला गोळी, सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, नाहीतर संडास अडकून माणूस दुखण्यापेक्षा त्यानंच बेजार. २०१४ ला अंमली पदार्थांचा कायदा सोपा झाला तरी मॉर्फिन ठेवायला मान्यताप्राप्त संस्था आणि ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर लागतोच. एमडीच पाहिजे असं नाही, पण शिकलेला पाहिजे.

राधानगरीवाला:
मग तेच म्हणतोय की मी!

शाहूपुरीकर:
आणि त्या डॉक्टरला शिकवणार कोण, आशाताई? तिथंच एमडी लागतो.

जुना_पैलवान:
बरं ताई, मानलं. पण घरी येणाऱ्या नर्सचे पैसे कोण देणार ते सांगा, भरती झाल्याशिवाय आमचा इन्शुरन्सवाला फाईलपण उघडत नाही.