माथेरान, कमी खर्चात: तुमचे अनुभव लिहा

माथेरान महाग म्हणून कितीतरी जण तिकडे फिरकतच नाहीत. शनिवार-रविवारचे खोल्यांचे भाव पाहिले की तसं वाटणारच. पण जे बघायला आपण वर जातो, त्या पॉइंटांवर वेगळं तिकीट नाही. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही, त्यामुळे पायी फिरणाऱ्याचं इथे काहीच हुकत नाही. तुम्ही खर्च कुठे वाचवला आणि कुठे मुद्दाम केला, दोन्ही लिहा.

डोंबिवलीहून, दोन मुलांची आई
आम्ही मधल्या वारी जातो आणि शक्यतो त्याच दिवशी परततो. सकाळची कर्जत लोकल, नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी, नाक्यावर माणशी प्रवेशकर, की मोठा खर्च संपला. पुढे झाडीतून बाजारापर्यंत चालत जातो. मुलं घोड्यासाठी हट्ट धरतात, म्हणून घोडा फक्त एकदाच, तोही भाव आधी ठरवून. डबा घरचा. मात्र पिशवी हातात लोंबकळू देऊ नका, माकडं टपलेलीच असतात.

पुण्याहून, आजीसोबत गेलेली नात
आजीला चालणं झेपत नाही. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वेगाडी, म्हणजे शटल, आमच्या फार कामी आली. घोड्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि स्टेशन थेट बाजारात. नेरळपासूनच्या पूर्ण गाडीच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि पावसाळ्यात ती बंद असते. शटल तेव्हाही चालते. आजीला मी सांगितलं, हा दोन फुटी रूळ आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने टाकला आणि १९०७मध्ये गाडी सुरू झाली. ती वळणावळणाला खिडकीतून मागचे डबे बघत होती. त्या तिकिटाइतके पैसे वसूल झालेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

ठाण्याहून, पायी भटकणारा
सगळे पॉइंट एका दिवसात उरकायचा अट्टहास नको. घोडेवाल्यांच्या यादीत पॉइंट भरपूर असतात, पण जवळजवळच्या दोन पॉइंटांवरून दरी साधारण तीच दिसते. मी एक बाजू धरतो. पश्चिमेची बाजू माझी सर्वांत लाडकी: बाजारातून शार्लोट तलाव, काठचं पिसरनाथाचं देऊळ, तिथून एको पॉइंट, मग लुईझा. शार्लोटचं पाणी गावाला प्यायला जातं, तेव्हा त्यात पाय बुडवू नका, ही कळकळीची विनंती. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंट, समोर प्रबळगड. सूर्य बुडाल्यावर झाडीत चटकन काळोख होतो, त्यामुळे विजेरी हवीच.

मुक्काम असेल तर पहाटे पॅनोरमा. बाजारापासून लांब आहे, अंधारातच निघावं लागतं, आणि म्हणूनच तिथे गर्दी कमी. उजाडताना खाली नेरळ आणि शेजारी पेबचा किल्ला दिसू लागतो. वाटेत वर फांद्यांकडे लक्ष ठेवा, शेकरू दिसतं. मला विचाराल तर एका मुक्कामाचे पैसे या सकाळीसाठी खर्चावेत. पांढरे बूट नेऊ नका, इथली लाल माती धुऊनही जात नाही.

बदलापूरहून, शिक्षिका
शाळेची मुलं नेते तेव्हा पॉइंट कमी आणि गाव जास्त दाखवते. हुतात्मा भाई कोतवाल इथले. जन्म १९१२चा. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटाने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलं. त्यांच्याच गावात उभं राहून हे सांगितलं की मुलं गप्प होऊन ऐकतात. याला एक पैसाही लागत नाही, तरी बहुतेक सहलींत हे राहूनच जातं याचं वाईट वाटतं.

कर्जतहून
ज्यांना टॅक्सीही नको, त्यांच्यासाठी भिवपुरी रोड स्टेशनहून गार्बेटचं पठार. चढ दमवणारा आहे. पावसाळा सरता सरता हिरवळ छान असते, पण धुकं दाटलं तर कडा दिसत नाही. वाट ठाऊक असलेलं कुणी सोबत असल्याशिवाय जाऊ नका. वरून दस्तुरीला निघता येतं, आणि तिथून शेअर टॅक्सीने नेरळला उतरलं तर गुडघ्यांना बरं.