अधिशोषण, शोषण की ग्रहण? (काजळी आणि सल्फर डायऑक्साइड)

जिज्ञासू: हवाप्रदूषणावरच्या एका मजकुरात 'काजळीचे कण सल्फर डायऑक्साइड शोषून घेतात' असं वाक्य आहे. इथे 'शोषण' चालेल का?

कार्बनकण: सरसकट नाही. वायू पदार्थाच्या आत मुरला तर शोषण, नुसता पृष्ठभागावर चिकटला तर अधिशोषण. काहीजण 'पृष्ठशोषण' लिहितात. मला तोच जास्त बोलका वाटतो. काजळीचे मूळ गोळे साधारण 20 ते 50 नॅनोमीटरचे, एकमेकांना चिकटून त्यांच्या वेड्यावाकड्या साखळ्या होतात. ताजी, कोरडी काजळी असेल तर वायू या साखळ्यांच्या पृष्ठभागावरच बसतो. पकड ढिली असली की स्वच्छ हवेचा झोत दिला किंवा तापवलं, तर तो सुटतोही. त्याला 'विशोषण' म्हणा.

धूलिमापक: पण दमट हवेत कणावर पाण्याचा थर साचला की वायू त्यात विरघळतो, आणि ते मात्र शोषणच! पाणी आम्ल होत गेलं की विरघळणं मंदावतं. अमोनिया असेल तर आम्लता उतरते आणि पुन्हा जागा होते. नायट्रोजन डायऑक्साइड किंवा ओझोनने ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट बनलं, की ते परत वायू होऊन जात नाही. तिथे 'विशोषण' लिहू नका. 5 ते 9 डिसेंबर 1952 च्या लंडनच्या धुरक्यात काजळी आणि हा वायू दोन्ही कोळशातूनच आले, पण सल्फेट बनण्याचं बरंचसं काम धुक्याच्या थेंबांत झालं. त्या सगळ्याला 'काजळीने शोषलेला वायू' म्हणणं चूक.

जिज्ञासू: तक्त्यात 'अपटेक कोइफिशंट' आहे, त्याचं काय करू?

कार्बनकण: 'ग्रहण गुणांक'. आदळलेल्या रेणूंपैकी किती हिस्सा कणाने घेतला, एवढंच तो सांगतो. कसा घेतला ते नाही. म्हणून तटस्थ 'ग्रहण' बरं (सूर्य-चंद्र मध्ये येतील, येऊ देत). मात्र क्षेत्रफळ कोणतं धरलंय ते तळटीपेत लिहाच. नमुन्याचं नुसतं वरून दिसणारं क्षेत्रफळ घेतलं तर गुणांक भलताच फुगतो. उणे 196 अंश सेल्सिअसला नायट्रोजन बसवून काढलेलं बीईटी (ब्रुनाउअर-एमेट-टेलर पद्धतीचं, म्हणजे कणांचा सगळा पृष्ठभाग धरणारं) क्षेत्रफळ एका ग्रॅमला 100 चौरस मीटरच्या आसपासही भरतं.

धूलिमापक: आणि नमुना काचतंतूच्या गाळणीवर घेतला असेल तर तेही नोंदवा. गाळणी अल्कधर्मी असली की ती स्वतःच वायू धरते, आणि तिच्यावर झालेलं सल्फेट काजळीच्या नावावर जमा होतं.