पंप बदलला, तरी लिफ्ट खालीच (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

दादा: ट्रॅक्टर आला एकदाचा गॅरेजमधून. हायड्रॉलिक पंप, सील किट, फिल्टर, ऑइल, मजुरी असं भलंमोठं बिल लावलंय. लिफ्टच्या हातांनी मागचा रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद केलं, जेवून बाहेर येतो तर पठ्ठ्या जमिनीला टेकलेला. आधीही हेच होत होतं.

दादा: [बिलाचा फोटो]

वहिनी: आणि जुना पंप कुठाय विचारलं तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला.

दाजी: गेला म्हणजे पॉलिश मारून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला गेला. उद्या दोघं-चौघं जाऊ आणि काउंटरवरच विचारू.

मामा: दाजी, थांबा जरा. आधी मला एवढं सांग रे, इंजिन चालू असताना उचलतो कसा? झटक्यात की रडत रडत?

दादा: उचलतो व्यवस्थित, मामा. आधीही उचलत होता. वर गेला की तिथं थांबत नाही. चालू इंजिनवर वरच्या वर हिसके देतो. थोडा बसतो, परत उचकतो, परत बसतो.

मामा: मग यात पंपाचा काय संबंध? पंप फिरतो इंजिनवर. इंजिन बंद, पंप बंद. बंद इंजिनवर वजन पेलायचं काम सिलिंडरच्या पिस्टनवरच्या ओ-रिंगचं (तेल अडवणारी रबरी कडी), कंट्रोल वॉल्व्हचं आणि तेल मागं येऊ न देणाऱ्या चेक वॉल्व्हचं. त्यातल्या कुठून तरी तेल निसटतंय. हिसक्यांचंही तेच. तेल निसटलं की लिफ्टचे हात खाली येतात, वॉल्व्हला ते कळतं, तो परत तेल सोडतो, हात वर. पंप बिचारा उलट जास्तीचं राबतोय.

मामा: पंप संपला असता तर उचलतानाच कुरकुरला असता. तेल तापल्यावर तर जास्तच.

मी: सगळ्याच ट्रॅक्टरांना हे लागू होतं का मामा?

मामा: नाही. काही जुन्या बनावटीत पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि वॉल्व्हही त्याच्याच अंगावर. तिथं पंपाकडं बोट दाखवता येतं. दादाच्या ट्रॅक्टरला गिअर पंप आहे, इंजिनच्या अंगाला, बाहेरून. काढायला सोपा. म्हणूनच आधी तो बदलला.

दाजी: म्हणजे चोरीच झाली ना!

मामा: इतक्यात चोरी नाही म्हणणार मी. आळस म्हणेन. सिलिंडर बघायचा तर सीट काढा, लिंका सोडा, टॉप कव्हर टांगायला चेनपुली लावा, एवढा खटाटोप. त्यापेक्षा पार्ट बदलून बघू, गेला प्रॉब्लेम तर गेला. पैसे दुसऱ्याचे असले की बदलून बघायला कुणाला जड जातं?

आजी: [सुप्रभात, गुलाबाचं चित्र]

ताई: आजी, रात्र आहे 😀

आत्या: बिल मोठं करून वाचलं. मी सामानाच्या दुकानात बिलंच फाडायचे, त्यामुळे आधी डोळा तिकडंच जातो. बिलावर 'हायड्रॉलिक पंप, नवा' असं लिहिलंय. नवा घेतला तर जुना एक्स्चेंजला कशाला गेला? एक्स्चेंज चालतं ते जास्त करून बनवलेल्या मालात, म्हणजे रिपेअर करून परत विकलेला पंप, स्टार्टर, अल्टरनेटर. तिथं जुन्याचे पैसे वजा होतात. या बिलात वजावट कुठेच नाही. म्हणजे एकतर बनवलेला पंप नवा म्हणून लावलाय, नाहीतर पंप नवा आहे आणि आपला जुना त्यांच्याकडं फुकटात राहिला. कुठलं ते त्यांच्याच तोंडून येऊ दे.

आत्या: वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनी परत मागवते, तो आपल्याला मिळत नाही, हे खरं आहे. पण तेव्हा पार्टचे पैसेही लावत नाहीत. हे सगळे प्रश्न काम टाकतानाच विचारायचे असतात. 'जुनं सामान परत पाहिजे' एवढं जॉबकार्डवर, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहितात त्या कागदावर, लिहून घेतलं की मिस्त्रीचा हातही जरा जपून चालतो.

वहिनी: जॉबकार्ड आहे आपल्याकडं. त्यावर 'लिफ्ट वर थांबत नाही, तपासणे' लिहिलंय. पंपाचं नाव नाही.

आत्या: शाब्बास. मग बाजू भक्कम आहे. 'पंप बदलणे' लिहिलं असतं तर त्यांनी हात वर केले असते, तुम्ही सांगितलं ते केलं म्हणून. आपण त्रास लिहायचा, पार्टचं नाव त्यांनी काढायचं.

काका: माझं इंजिन बांधलं तेव्हाची गोष्ट. बिलात क्रँक ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग लावलेलं. पुढं तेलाचं प्रेशर पडलं म्हणून दुसऱ्या मिस्त्रीकडं तेलाचा चेंबर उतरवला, शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) काढले, तर पाठीवर 'एसटीडी' छापलेलं, म्हणजे मूळ मापाचं. क्रँक खरंच ग्राइंड केला असता तर ०.२५ किंवा ०.५० दिसायला हवं होतं.

मी: म्हणजे किती मिलिमीटर घासलं ते शेलवर लिहिलेलं असतं?

मामा: हो. क्रँक जेवढा घासून बारीक केला तेवढा शेल जाड लागतो, तो आकडा पाठीवर असतो. इंजिन बांधताना मालकानं तिथं उभं राहून तेवढा एक फोटो काढला तरी पुरे. कुणी काढत नाही.

ताई: मग काका, पैसे परत मिळाले?

काका: कसले. पहिला मिस्त्री म्हणाला, मध्ये कुणीतरी इंजिन उघडलं असेल, हे शेल माझे नाहीत. आमच्याकडं ना जुने शेल, ना फोटो. नुसतं बिल घेऊन काय करणार?

दाजी: माझ्या क्लचच्या वेळीही असंच लुटलं. गेलो होतो क्लचप्लेटला, बिलात प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, मागचं ऑइल सील, सगळी वरात.

मामा: ते मात्र बरोबर केलं त्यांनी. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून सोडवून दोन भाग करावे लागतात, खरी मजुरी तिथं जाते. दोन बेअरिंग आणि एक सील वाचवायचं आणि पुढच्या हंगामात बेअरिंग ओरडलं की परत ट्रॅक्टर तोडायचा, याला अर्थ नाही. प्रेशर प्लेटचं मात्र बघून ठरवायचं. निळे डाग, तडे, चरे असतील तर बदला. तुम्हाला आधी फोन करायला हवा होता, ही तक्रार मी मान्य करतो.

दाजी: फोन नाहीच केला.

मामा: तेच म्हणतोय. आता नव्या पंपाच्या नेमप्लेटचा फोटो टाक रे दादा.

दादा: [फोटो]

मी: ११ सीसी लिहिलंय, म्हणजे एका फेरीत तेवढं तेल. पार्ट बुकातही ११ च आहे, आत्ताच बघितलं. फिरायची दिशा पण जुळते.

मामा: मग सामान बरोबर दिलंय. कधी कधी बसतो म्हणून ८ सीसीचा ठोकून देतात. पंपाच्या २,००० फेऱ्यांना मिनिटाला २२ लिटर तेल यायचं तिथं १६ च येतं, आणि मालक म्हणतो लिफ्ट सुस्त झाली. इथं तसं नाही. निदान चुकलंय.

वहिनी: पण जुना पंप खरंच खराब होता की नाही हे कसं कळणार मामा?

मामा: पंपच सांगेल, हातात आला तर. खोलून आतली भिंत बघायची, तेल आत येतं त्या बाजूची. दाब गिअरना त्याच बाजूला रेटत असतो, त्यामुळं गिअर तिथली भिंत खातात. थोडासा चट्टा असणारच, नवा पंपही सुरुवातीला तेवढा घासून घेतो. नख फिरवायचं. नख अडकेल अशी पायरी झाली असेल तर पंप संपला होता, गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं. नुसती चमक असेल तर चांगला पंप काढून टाकला. बाजूच्या प्लेटांवर गोल गोल ओरखडे असतील तर तेलातून कचरा गेलाय, मग नवा पंपही तसाच जाईल. तेवढं स्ट्रेनरपण, म्हणजे तेलाची जाळी, बघून घ्या.

ताई: दादा, भांडायला जायच्या आधी हे पाठव. लिहूनच ठेवलंय:

"नमस्कार. जॉबकार्डवर तक्रार 'लिफ्ट वर थांबत नाही, तपासणे' अशी होती. पंप बदलल्यावरही इंजिन बंद केलं की लिफ्ट खाली येते, व्हिडिओ सोबत आहे. पंप बदलण्यापूर्वी गेज लावून दाब किती आला होता ते कळवावे. जुना पंप पाहायला मिळावा. बसवलेला पंप नवा आहे की बनवलेला, आणि त्याची गॅरंटी किती, हे बिलावर लिहून द्यावे. पुढचं काम मजुरी न घेता करून द्यावे."

मामा: छान लिहिलंस. शेवटचं वाक्य बदल. सिलिंडर उघडायची मजुरी पहिल्याच दिवशी बरोबर निदान झालं असतं तरी द्यावीच लागली असती. ती आपण देणं लागतो. परत मागायचं ते पंपाचं, किंमत आणि बसवायची मजुरी.

दाजी: मामा, तुम्ही त्यांच्याकडून आहात की आपल्याकडून? चूक त्यांची, आणि वर मजुरी आपण द्यायची?

मामा: जे काम झालंच नव्हतं ते फुकट मागितलं तर ते घाईत उरकतील. घाईत बसवलेली ओ-रिंग परत आपल्यालाच भोवेल.

आत्या: मामांचं बरोबर आहे. हिशोब सरळ असला की माणूस ऐकतो. सगळं फुकट मागितलं की तोही अडून बसतो.

ताई: बरं, बदललं वाक्य. पण पुढच्या वेळी सामान आपणच आणून दिलं तर?

मामा: मग गॅरंटी कुणाची? मिस्त्री म्हणणार सामान खराब, दुकानदार म्हणणार बसवलं चुकीचं. बेअरिंग-सीलसारखं किरकोळ आणा हवं तर, पण नंबर बघून. ६२०५ म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांची पाचपट, आतलं भोक २५ मिलिमीटर. पुढं टू-आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबर सील, झेडझेड असेल तर पत्रा. चिखलापाण्याच्या जागी होतं रबराचं आणि बसवलं पत्र्याचं, तर मापात बसेल पण टिकणार नाही. बिलावर नुसतं 'बेअरिंग १ नग' लिहिलेलं असलं की यातलं काहीच कळत नाही.

मी: डुप्लिकेटचं काय? खोका तर अगदी सेम असतो.

आत्या: खोक्यावर भरवसा नकोच. काही बेअरिंग कंपन्यांचं ॲप असतं, एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं आहे, त्यात फोटो पाठवून विचारता येतं. बसवायच्या आधी खोक्याचा आणि पार्टवरच्या नंबराचा फोटो घ्या आणि रिकामा खोका सांभाळून ठेवा. जुन्या पार्टवरही गाडी देताना पेंटचा ठिपका मारायचा, म्हणजे दुसऱ्याचाच भंगार पार्ट आपला म्हणून दाखवता येत नाही.

काका: ठिपक्याचं आवडलं.

दादा: बोलणं झालं गॅरेजवाल्याशी. मेसेज वाचून त्यानं स्वतःच फोन केला. दाब मोजलाच नव्हता म्हणाला. पंप एक्स्चेंजला गेला नव्हता, मागच्या शेडमध्येच पडला होता. पोराकडून चुकीचं सांगितलं गेलं म्हणे.

दाजी: पोराच्या नावावर ढकललं बघा.

दादा: त्याच्यासमोरच खोलला. [फोटो] मामा, नख कुठंच अडकत नाही. चमक आहे फक्त. बाजूच्या प्लेटाही स्वच्छ.

मामा: चांगला पंप होता रे.

दादा: तो पण बघून गप्प झाला. म्हणतो बसवायची मजुरी पूर्ण सोडतो, पण वापरलेला पंप परत घेता येत नाही. त्याऐवजी पंपावरचा त्याचा नफा सोडून बिल नवीन करून देतो. दोन्ही पंप आपल्याकडं राहतील. घेऊ का?

दाजी: अजिबात नको. पूर्ण किंमत मागा.

आत्या: दुकानाच्या बाजूनं बघितलं तर बसवून तेल लागलेला पंप वितरक परत घेत नाही, हे खरं आहे. पण निदान त्यानं चुकवलं, मग तोटा सगळा आपणच का सोसायचा? निम्मी किंमत लिफ्टच्या कामात वळती करायला सांग. आणि तोंडी नको, सुधारित बिलावर 'नवा' आणि गॅरंटी दोन्ही लिहून घे.

मामा: मलाही पटतं. जुना पंप नवे सील टाकून तेल लावून गुंडाळून ठेव, कामाला येईल.

दादा: निम्म्याला तयार झाला, थोडी घासाघीस करून. उद्या टॉप कव्हर उघडतोय.

मामा: पिस्टन बाहेर काढायच्या आधी मला व्हिडिओ कॉल लाव. ओ-रिंगच्या शेजारी तिला आधार देणारी बॅकअप रिंग असते, ती दाबाच्या उलट बाजूला हवी. आधी कुणी उलटी बसवली असेल तर तिथंच सापडेल. आणि सिलिंडरच्या आत उभा चरा दिसला तर नुसती रिंग बदलू देऊ नको.

वहिनी: कॉल मी लावते, यांचे हात तेलाचे असणार.

आत्या: ओ-रिंगचाही पार्ट नंबर बिलावर घ्या.