भोपाळच्या आधीही कायदे होते

पर्यावरणाचे सगळे कायदे भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर आले, असं वर एकाने लिहिलंय. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यानंतरचा, हे खरं. पण महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता. केंद्राचा आला १९७४ मध्ये.

किनाऱ्याचंही तसंच. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवायला सांगितलं होतं. पत्रच ते, कायद्याचं बळ नव्हतं. तेच ५०० मीटर १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत आले. (आमच्याकडे बहुतेकांना सीआरझेड कळलं ते घरदुरुस्तीची परवानगी अडकल्यावर!) २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण भागात चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तिथे ना-विकास पट्टा (जिथे नवं बांधकाम सहसा चालत नाही) ५० मीटरवर आणायची वाट उघडली, विरळ वस्तीला २०० मीटरच. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विखुरलेल्या वाड्यांमध्ये एवढी दाटी कुठून आणायची?

दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांचं दुखणं मात्र मीटरांचं नाहीच. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने मासे मरतात ही त्यांची तक्रार जुनी आहे, आणि तिथे कामाला येतो तो १९७४ चाच कायदा. त्यावर इथे अजून कुणी एक ओळही लिहिलेली नाही.