रि: कोल्हापूरकरांचा ग्रुप वाढवायचा कसा?

प्रेषक: सचिव, लंडन

नमस्कार मंडळी,
लंडनमधल्या आणि गावाकडच्या आपल्या कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात माणसं भरपूर, पण सकाळी फुलांचे फोटो, रात्री फॉरवर्ड आणि मधे सगळा शुकशुकाट. कमिटीत दोन सूचना आल्यात, एकतर फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करायची, नाहीतर जो जास्त मेंबर आणेल त्याला गणपतीच्या कार्यक्रमाची तिकिटं फुकट. रविवारी ठरवायचंय, बोला.

प्रेषक: मंगळवार पेठेतली काकू, सध्या मुक्काम कोल्हापूर

सचिवसाहेब, ते पैसे ठेवा तसेच. तिकिटाच्या नादानं आलेला माणूस तिकीट घेणार आणि ग्रुप म्यूट करणार, दुसरं काय.

आठवून बघा, हा ग्रुप खरा जागा कधी झाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये. शिरोलीजवळ हायवे पाण्यात गेला, गावात दूध-पेट्रोलची बोंब, आणि लंडनहून पोरं विचारत होती नदीकाठच्या दुधाळी भागात पाणी कुठवर आलंय, आई फोन उचलेना, मग कोण ना कोण गच्चीवरनं फोटो काढून टाकत होतं. मेंबर वाढवा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही. पाणी ओसरलं आणि परत गुडमॉर्निंग सुरू.

आता रोज पूर आणायचा काय? तसं नाही, पण रोज उघडून बघावं असं काहीतरी पाहिजे की. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी कुणीतरी ठरलेल्या वेळेला टाकली तरी पुरे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालासुद्धा पाठ असतंय.

दुसरं म्हणजे पहिलं उत्तर. उन्हाळ्यात एका नव्या सुनेनं भीतभीत विचारलं, कांदा-लसूण चटणीला बेडगी मिरची किती आणि संकेश्वरी किती. दुपारपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी मीच लिहिलं, रंगाला बेडगी जास्त, तिखटाला संकेश्वरी, खोबरं-तीळ-धने खमंग भाजायचे आणि डंकावर कुटून आणायचं. झालं! कांदा वाळवून तळायचा का ओलाच परतायचा यावरनं जे भांडण जुंपलं ते रात्री उशिरापर्यंत, आणि कधी तोंड न उघडलेले एक काका थेट डंकावरनं व्हिडिओ टाकायला लागले, मागं मशीनचा दणदणाट आणि काका शिंकतायत. प्रश्न टाकणाऱ्या पोरीला तासाभरात उत्तर मिळालं तर ती उद्या परत येणार, नाही मिळालं तर कायमची गप्प. एवढंच आहे बघा.

प्रेषक: खजिनदार

काकू, जेकब नीलसन म्हणून वेबसाइटच्या वापराचे एक अभ्यासक आहेत त्यांनी २००६ मध्येच लिहून ठेवलंय की ऑनलाइन जमलेल्या शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि उरलेला एक सगळी बडबड करतो, त्यामुळं गप्प बसणाऱ्यांची मला काळजी नाही. काळजी ही की आपला तो एक म्हणजे तुम्ही! तुम्ही कंटाळला की कारभार आटोपला. आणि फुटबॉल सीझनमध्ये पाटाकडील आणि दिलबहार या आपल्या गावच्या दोन संघांवरनं जी शिवीगाळ चालते ती बघून नवा माणूस पळतो, त्याचं काय?

प्रेषक: काकू

फुटबॉलला हात लावू नका हां, निम्मी पोरं त्याच्यावरच टिकून आहेत. मॅचचा वेगळा ग्रुप करा, शाहू स्टेडियम नाव द्या, तिथं काय ते एकमेकांना बोलून घ्या. आईबापावर गेला की बाहेर, मग तो कुठल्या का पेठेचा असेना.

ॲडमिन चार करा, दोन इकडचे दोन तिकडचे, कारण आम्ही चहा पितो तेव्हा तुम्ही घोरत असता. नवा मेंबर आला की ‘स्वागत आहे’चा स्टिकर नको, कुठल्या गल्लीतला ते विचारा आणि त्याच गल्लीतल्या कुणाला तरी त्याच्याशी बोलायला लावा. रविवारी व्हिडिओवर गप्पा ठेवा, आमचे रात्री साडेनऊ म्हणजे तुमचे पाच. फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमचं घड्याळ मागं जातं, तिथनं पुढं चार होतील, ते आधीच लिहून टाका, नाहीतर अर्धी माणसं तासभर उशिरा उगवतील.

मी एकटी किती बोलणार हे मात्र खरं हाय. कामं वाटा.

प्रेषक: सचिव

जाहिरात रद्द. फुटबॉलचा ग्रुप आज रात्री करतो. पातळी टाकायचं काम कुणाला देऊ?

प्रेषक: काकू

दुधाळीतल्या काकांना द्या. पाऊस लागला की ते तसेही पहाटेपासून तेच बघत बसलेले असतात.